परवानगी लागत नाही, पण कागद आणा

मी नांदेडची. बास्केटबॉल खेळते, अमृत छकलंय, म्हणजे शीख धर्माची दीक्षा घेतलीय, आणि केसकी, म्हणजे छोटी पगडी, बांधते. घरी, कॉलेजात, आमच्या कोच सरांकडे कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. अडलं ते स्पर्धेच्या टेबलावर.

"ताई, हे काढावं लागेल. आणि पगडी तर तुमच्यात पुरुष बांधतात ना?"

सगळ्या शीख बायका नाही बांधत, काही अमृतधारी बांधतात, मी त्यातली, एवढं सांगून झालं. पण त्या गृहस्थांच्या डोक्यात, डोक्यावर काही बांधून खेळायचं नाही, हा जुना नियम घट्ट बसलेला. २०१४ मध्ये चीनमधल्या वुहानला भारतीय संघातल्या अमृतपाल सिंग आणि अमज्योत सिंग यांना डोक्यावरचे पटके काढायला लावले होते, हे खरंच. पण फिबाने, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, २०१७ मध्ये तो नियम बदलला. चेहरा झाकला जाऊ नये, कुणाला इजा होऊ नये, बाहेर आलेलं काही नसावं, बस्स. सरांनी मोबाइलवर पान काढून दाखवलं. "मोबाइलवरचं चालत नाही. लेखी परवानगी आणा."

कार्यालयातल्या मॅडम म्हणाल्या, "नियमात आहे ना? मग परवानगी कसली देऊ?" मग एवढंच लिहून द्या, म्हटलं. तर असं पत्र कधी काढलेलं नाही, नमुना नाही, साहेबांना विचारावं लागेल. साहेब मीटिंगला. साहेब सापडले तर म्हणे, हा विषय पंचांचा. पंच कार्यालयाकडे बोट दाखवणार, कार्यालय पंचांकडे, आणि सामना तोंडावर आलेला. डोकं असं तापलं होतं की विचारू नका.

शेवटी सरांनीच अर्ज लिहायला लावला. मागितलं काहीच नाही. "मी केसकी बांधून खेळणार आहे, नियमाचे पान सोबत जोडले आहे, माहितीस्तव सादर." आवक टेबलावर पोच म्हणून जांभळा गोल शिक्का बसला. तीच प्रत पंचांपुढे ठेवली. मजकुरावर नजरही नाही, शिक्का पाहिला आणि, "हे आधीच आणायचं ना!"

म्हणून सांगते, परवानगी मागूच नका. कळवा आणि पोच घ्या. केसकीला पिन लावू नका, टोक आत खोचा. माझ्या जुड्याभोवती बोट फिरवून तपासलं होतं. हो, रंगाचं राहिलंच: संघातल्या सगळ्यांचे रिस्टबँड, स्लीव्ह आणि डोक्यावरचं कापड एकाच रंगाचं लागतं. आम्ही सगळ्यांनी काळं घेतलं. हातातल्या कड्यावर मी रिस्टबँड चढवला, चाललं. पण ते त्या दिवशीच्या पंचांवर असतं, आधी विचारून घ्या.