संमतीपत्राची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नका

खालच्या पुढच्या दोन दातांची हिरडी सरकून माझ्या दातांची मुळे उघडी पडली होती, म्हणून टाळूवरचा पातळ थर काढून तेथे बसवण्याची शस्त्रक्रिया पुण्यातील एका दंत महाविद्यालयात ठरली. टाळूवरची ती जखम कडा शिवून बंद करता येत नाही, ती तळापासून आपोआपच भरावी लागते. ती लवकर भरण्यास हायल्युरॉनिक आम्लाच्या जेलची मदत होते का, याची चाचणी तेथे चालू होती आणि मी आनंदाने होकार दिला. काही रुग्णांना औषधी जेल, काहींना तसेच दिसणारे साधे जेल मिळते. आपल्या वाट्याला कोणते आले हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि जखम तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नसते.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. अडले ते संमतीपत्रापाशी.

मराठीतले ते संमतीपत्र मी तासभर बसून वाचले, प्रत्येक पानावर सही केली आणि माझी प्रत मागितली. ‘मोठ्या डॉक्टरांची सही राहिली आहे, पुढच्या वेळी घ्या,’ असे खिडकीवरून सांगण्यात आले. सहभागी व्यक्तीला सही झालेली प्रत द्यावीच लागते, असे 2019 च्या औषध चाचणी नियमांत स्पष्ट आहे; मला ते तेव्हा माहीत नव्हते, म्हणून मी गप्प बसले. तिसऱ्या रात्री टाळूतून रक्त येऊ लागले. रात्री कोणाला फोन करायचा तो क्रमांक त्या संमतीपत्राच्या शेवटच्या पानावर होता, आणि ते पान खिडकीमागच्या कपाटात होते. केसपेपरवरचा ओपीडीचा फोन कोणी उचलेना. ओल्या गॉजची घडी बोटाने टाळूवर दाबून धरून मी वीस मिनिटे न्हाणीघरातील आरशासमोर उभी राहिले, तेव्हा रक्त थांबले. दुसऱ्या दिवशी कोथरूडहून बसने गेले तर ‘जेवणाच्या सुट्टीनंतर या’, नंतर गेले तर ‘किल्ली असलेल्या मॅडम रजेवर आहेत’. अखेर सातव्या दिवशी, हिरडीचे टाके काढून झाल्यावर, प्रत मिळेपर्यंत खुर्चीवरून उठणार नाही असे मी शिकाऊ डॉक्टरांना सांगितले. त्यांनी स्वतः जाऊन दहा मिनिटांत ती आणून दिली. दहा मिनिटांच्या त्या कामासाठी मला आठवडाभर ताटकळत ठेवले, याचा राग अजून गेलेला नाही.

जेल लावण्यापूर्वी टाळू गॉजने हलकेच टिपून कोरडा करावा, नाहीतर ते लाळेबरोबर निघून जाते. लावल्यावर अर्धा तास पाणीही पिऊ नये.

चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइडचे थेंब सोडले, तेव्हा मधल्या भागावर पांढरा फेस आला. नवी त्वचा पुरती धरलेली नसली की असा फेस येतो. एकविसाव्या दिवशी एकही बुडबुडा आला नाही आणि मला फार हायसे वाटले.

एक सांगायचे राहिले : शून्य ते दहा या पट्टीवर वेदनेची नोंद करायची असते, ती वेदनाशामक गोळी घेण्याआधी आणि रोज ठरलेल्या वेळीच करा. पहिले दोन दिवस मी गोळीनंतर आकडे लिहिले होते. ते मी डॉक्टरांना सांगितले आणि त्यांनी वहीत तशी नोंद करून घेतली.