तीन अँपिअरचा अमीटर

शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेमागच्या सिमेंटच्या टाकीपाशी बॅटरीवरच्या छोट्या बोटी करणारी आमची टोळी जमायची. ठाण्यात तलावांना काही तोटा नाही, पण विज्ञानाच्या सरांचा दंडक असा, की जिच्या मोटरची विजेची धारा मोजून वहीत लिहिलेली नाही ती बोट उपवनच्या पाण्यात उतरणार नाही. बोट किती देखणी आहे याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसे.

बोटी पातळ प्लायवुडच्या, सांध्यांना एम-सील. मोटरसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि लॅमिंग्टन रोड पालथा घालायचा. बॅटरी घरचीच, लोडशेडिंगच्या दिव्यातली, ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासांची. त्यावरून घरी काय ऐकावं लागे, ते सोडून देऊ.

मोटर टेबलावर मोकळी फिरवली की अमीटरचा, म्हणजे धारा मोजणाऱ्या मीटरचा, काटा एकाच्याही आतच राही. पोरं खूश. सर म्हणायचे, "अरे, हवा कापायला बोट केलीस का? पाण्यात धर तिला." पाण्यात पंखा खरंच काम करू लागला की काटा सरळ तीनच्या टोकाला जाऊन आपटे. प्रयोगशाळेतला अमीटर तेवढाच, ० ते ३ चा.

मग सरांनी जे केलं ते मला आजही लख्ख दिसतं. स्कूटरचा दिवा आणि धारानियंत्रक एकसर जोडून त्यांनी काटा बरोबर दोनवर आणला. अमीटरच्या दोन्ही खुंट्यांवर तांब्याची बारीक तार समांतर लावली आणि तिची लांबी कमी-जास्त करत काटा एकवर उतरवला. अर्धी धारा मीटरमधून, अर्धी तारेतून. म्हणजे आता येईल त्या वाचनाची दुप्पट करायची. तार दीडेक वीत भरली. ती पेन्सिलीवर गुंडाळताना सर म्हणाले, "वाचन पटकन घ्या. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो आणि मीटर थापा मारायला लागतो." कारखान्यातले शंट, म्हणजे मीटरला समांतर लावायच्या अशा पट्ट्या, मँगनीनचे (तापलं तरी रोध फारसा न बदलणाऱ्या मिश्रधातूचे) का असतात, हे मला पुढे कॉलेजात वेगळं शिकावं लागलं नाही.

त्या तीन-सहाच्या मीटरवर माझी बोट टाकीच्या भिंतीला टेकवून धरली तेव्हा चार अँपिअर खात होती. सुटी पळताना ती त्याहून कमी खाते, कारण पळत्या बोटीच्या पंख्याला पाणी समोरून चालत येतं, त्याला तेवढं रेटावं लागत नाही. तीन धरले तरी कागदावर बॅटरी दीड तास चालायला हवी. प्रत्यक्षात तासाभरात दम तोडायची. बॅटरीवर छापलेले ४.५ अँपिअर-तास वीस तासांच्या संथ वापरासाठी असतात, जेमतेम सव्वादोनशे मिलिअँपिअरवर. धारा जास्त ओढली की तेवढे हाती लागत नाहीत.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र वेगळंच. आधी नुसती मोटर मोजायची, मग दांडा जोडून पुन्हा, दोन्ही वेळा हवेत. फरक मोठा आला तर दांडा तिरका बसलाय किंवा नळीत ग्रीस नाही. मोटरखाली पत्त्याच्या जाडीची चकती सरकवली की काटा खाली येताना दिसे. मी नोकरीत महाप्याला पंपांच्या मोटरी तपासल्या त्या याच रीतीने. नुसतं यंत्राचं नाव मोठं.

फ्यूजही असाच ठरायचा. तलावातलं शेवाळ पंख्याला गुंडाळलं आणि मोटर अडली, की तिने स्वतः फिरून उभं केलेलं उलट विभवांतर जातं आणि धारा कितीतरी पटीने चढते. आमच्या चार अँपिअरच्या बोटीला काचेचा पाचाचा फ्यूज. उपवनला तो उडाला की बोट मधोमध थांबायची; मोटर वाचायची, आणि बोट आणायला कोण पोहणार यावरून भांडण जुंपायचं.

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी क्लॅम्प मीटर, तारेभोवती चिमटा लावून धारा मोजणारे, घ्यायचं चाललंय असं कळलं. मी पैसे देतोच आहे, पण बॅटरीची एकाच दिशेची, म्हणजे दिष्ट धारा मोजणारे, हॉल सेन्सरचे (तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ओळखणारे) आहेत ना, हे खरेदीआधी पाहून घ्या. साधा क्लॅम्प मीटर आतून ट्रान्सफॉर्मर असतो, त्याला फक्त दिशा बदलणारी धारा कळते. बॅटरीच्या दिष्ट धारेला तो शून्यच दाखवील, आणि पोरांना वाटेल बोट फुकट चालते.