नील बेट: भरती-ओहोटी पाहून आखलेले दोन दिवस

सेल्युलर जेल पाहावे, सावरकरांच्या कोठडीपाशी काही काळ उभे राहावे, या ओढीने अंदमानला जाणाऱ्या मराठी प्रवाशांपैकी पुष्कळजण नील बेटाला जेमतेम चार-पाच तास देतात. आम्हालाही प्रवास आखताना तसेच सुचवण्यात आले होते. सोबत सत्तरीची आई असल्याने धावपळ नको म्हणून आम्ही तेथे दोन रात्री राहायचे ठरवले आणि तो निर्णय किती योग्य होता हे पहिल्याच दुपारी कळले.

बेटाचे नाव 2018 मध्ये शहीद द्वीप झाले आणि पोर्ट ब्लेअरचेही 2024 मध्ये श्री विजयपुरम झाले. मात्र बोलण्यात जुनी नावे अजून सर्रास येतात, त्यामुळे तिकिटावर वेगळे नाव दिसले तर गोंधळून जाऊ नये. पोर्ट ब्लेअरहून सरकारी बोटीही सुटतात आणि खासगी कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याच्या वेगवान बोटीही. खासगी बोट वेगाने जाते, पण तिच्यात बहुधा वातानुकूलित दालनात बसूनच प्रवास होतो, आणि समुद्र खवळलेला असेल तर बंद जागेत मळमळ अधिक जाणवते. बोट लागणाऱ्यांनी गोळी निघण्यापूर्वी अर्धा तास तरी घ्यावी. मूळ ओळखपत्र प्रत्येकाजवळ असावे.

बोट भरतपूरच्या धक्क्याला लागते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची वस्ती येथे गेल्या शतकाच्या साठच्या दशकात झाली. भरतपूर, सीतापूर, लक्ष्मणपूर, रामनगर ही गावांची नावे ऐकून आईला फार आनंद झाला. भाताची खाचरे, भाजीचे मळे आणि सुपारीच्या बागा यांमधून जाणारे अरुंद रस्ते पाहताना क्षणभर आपण कोकणात आहोत असेच वाटते. बेट लहान असल्याने सायकल किंवा स्कूटर भाड्याने घेतली की कुठेही पोहोचता येते. वयस्कर माणसे असतील तर रिक्षा ठरवावी.

येथे सर्वांत महत्त्वाची आहे ती भरती-ओहोटीची वेळ. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, पण तो हिशेब अंदमानला लागू पडत नाही, म्हणून निवासस्थानी विचारून त्या दिवसाच्या वेळा टिपून ठेवाव्यात. आम्ही पौर्णिमेच्या सुमारास गेलो होतो आणि पूर्ण ओहोटी दुपारी साडेतीन-चारच्या आसपास होती. लक्ष्मणपूरचा खडकाचा नैसर्गिक पूल पाहण्यासाठी ओहोटीच हवी, कारण तेथपर्यंत जाण्याची वाट मृत प्रवाळाच्या खडबडीत थरावरून आहे. पाणी उतरल्यावर तेथील खळग्यांत समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे सागरी जीव), खेकडे आणि चिमुकले रंगीत मासे स्पष्ट दिसतात. आमच्या स्थानिक वाटाड्याने आईला हात धरून पुलाजवळ नेले आणि एकाही जीवाला हात न लावता सारे दाखवले, याचे मला विशेष कौतुक वाटले. पायांत घट्ट बसणारे, ओले झाले तरी चालतील असे बूट हवेत; साध्या चपला शेवाळावर हमखास घसरतात.

याउलट भरतपूरच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायचे तर भरतीच्या सुमारास जावे, कारण ओहोटीला तेथे पाणी फार उथळ होते आणि पाय प्रवाळावर पडून प्रवाळाला व आपल्यालाही इजा होते. काही तासांसाठी येणाऱ्यांना या दोन्ही गोष्टी योग्य वेळी साधणे बहुधा शक्य होत नाही. मुक्काम करावा असे मी आग्रहाने सांगते ते यासाठीच.

दुसरी विसरली जाणारी बाब म्हणजे सूर्य. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे असले तरी बेट खूप पूर्वेला असल्याने हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच सूर्यास्त होतो. लक्ष्मणपूरच्या पश्चिम किनाऱ्यावर साडेचारपर्यंत पोहोचावे. सीतापूरचा सूर्योदय पाहायचा तर पहाटे पाचलाच निघावे. तेथील समुद्र मोकळा असून लाटा जोरकस असतात, त्यामुळे आम्ही पाण्यात उतरलो नाही.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच घ्यावी आणि मोबाईलच्या नेटवर्कवर विसंबू नये. बाजारातील छोट्या खाणावळींत भात, डाळ, भाजी आणि ताजे मासे मिळतात. रात्री मात्र लवकर जेवावे. वाळूतील बारीक माश्या चावतात, तेव्हा संध्याकाळी अंगभर कपडे घालावेत. शिंपले किंवा प्रवाळाचा तुकडाही उचलू नये. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते.

परतीची आमची बोट हवामानामुळे तीन तास उशिरा सुटली. विमान दुसऱ्या दिवशीचे होते म्हणून निभावले. नीलहून निघायचा आणि विमानाचा दिवस एकच ठेवू नये, मधली एक रात्र पोर्ट ब्लेअरला काढावी. ते तीन तास आम्ही धक्क्याजवळ शहाळ्याचे पाणी पीत, तळाची वाळू दिसावी इतक्या नितळ पाण्याकडे पाहत बसलो होतो.