चाळीस मिनिटांची झोप आणि कोर्सचे पैसे

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीनं मागच्या आठवड्यात मला बोलावून घेतलं. त्यांच्या ड्रायव्हर लोकांना मी दोन दिवसाचा ॲडव्हान्स ड्रायव्हिंगचा कोर्स दिला होता, माणशी साडेतीन हजार घेतले होते, आणि आता त्यांचं म्हणणं असं की कोर्स झाल्यापासून गाड्या उशिरा पोचायला लागल्यात. डिस्पॅचचे साहेब फोनवर म्हणाले, "सर, गाडी चालवायला शिकवा म्हणलं होतं, झोपायला नाही." तेवढ्यावरनंच कळलं कुणाचा विषय चाललाय.

मामांचा. कागल तालुक्यातले, पन्नाशी ओलांडलेली, कंपनीत सगळे मामाच म्हणतात म्हणून मी पण मामा म्हणतो. दहा चाकी ट्रकवर असतात, शिरोलीतनं कास्टिंग, म्हणजे लोखंडाचे ओतीव भाग, भरायचं आणि रात्रीत चाकणला टाकायचं. त्या रात्री कराड सोडल्यावर डोळा जड व्हायला लागला, उंब्रजजवळ ढाब्यावर गाडी बाजूला घेतली, पार्किंग ब्रेक लावला, मोबाईलला गजर लावून चाळीस मिनिटं झोपले, उठून तोंड धुतलं आणि पुढं निघाले. चाकणला माल उतरवायचा स्लॉट सकाळी सातचा होता, गाडी पोचली आठ दहाला. तिकडच्या कंपनीनं उशिराचे पैसे कापल्याची डेबिट नोट पाठवली आणि इकडच्यांनी मामांना लाइनवरनं, म्हणजे लांबच्या ट्रिपवरनं, काढून आवारातल्या गाड्या हलवायला बसवलं. म्हणजे ट्रिपचा भत्ता बंद. मामांचा मला फोन आला, "सर, तुमीच सांगितलं न्हवं, डोळा लागाय लागला तर पुढचं गाव बघू नगा, थांबा. थांबलो. आता हे असं झालंय."

मीटिंगला जायच्या आधी ह्या कोर्समध्ये नक्की काय असतं ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना वाटतं आम्ही गाडी घसरवायला आणि गरागरा फिरवायला शिकवतो. तसं शिकवणारे आहेत, फोटो पण झकास येतात, आणि एचआरच्या लोकांना ऑडिटच्या फाईलला फोटो लागतात म्हणून तेच जास्त खपतं. मी ते करत नाही. नॉर्वेत नव्या ड्रायव्हरना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं ट्रेनिंग सक्तीचं केलं होतं, १९८८ साली त्याचा अभ्यास आला तेव्हा तरुण पोरांचे अपघात कमी व्हायच्या जागी वाढलेले निघाले. आपल्याला सावरता येतंय म्हणल्यावर माणूस जोरात जातो, एवढं साधं आहे ते.

माझ्या कोर्सची सुरुवात उभ्या गाडीपासनं होते. गाडी मैदानात लावायची, एका ड्रायव्हरला सीटवर बसवायचं, बाकीचे गाडीभोवती मी सांगेन तिथं उभे राहणार. सीटवरच्यानं आरशात बघून सांगायचं किती माणसं दिसतात. पंचवीस-तीस वर्षं गाडी मारलेली माणसं निम्मी पण सांगू शकत नाहीत. बॉनेटच्या नाकासमोर चिकटून उभा असलेला माणूस दिसतच नाही, डाव्या दाराखालचा दिसत नाही. मग जागा बदलायच्या, मोटरसायकलवाला नेमका कुठं गायब होतो ते प्रत्येकानं स्वतः खाली उभं राहून बघायचं. तोंडानं कितीही सांगितलं तरी जे डोक्यात जात नाही ते असं बघितल्यावर जातं.

मग हवा, ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. इंजिन बंद करून ब्रेक परत परत दाबायला लावतो, नजर हवेच्या काट्यावर. प्रत्येक दाबाला काटा खाली येतो, बझर वाजायला लागतो आणि हवा फार उतरली की मागची चाकं आपोआप जाम होतात. हे ड्रायव्हरला माहीत असतं, तरी घाटउतारावर न्यूट्रल टाकायची, कुणी कुणी तर इंजिनच बंद करायची सवय जात नाही. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, नवी हवा भरणार नाही, स्टेअरिंग दगडासारखं जड, आणि इंजिनचा जो ब्रेक मिळायचा तो पण गेला. पुण्यात कात्रजचा नवा बोगदा सोडून नवले पुलाकडं उतरताना किती गाड्या अशा सुटल्यात. २० नोव्हेंबर २०२२ च्या अपघातात ४८ गाड्यांचं नुकसान झालं, त्यातला ट्रकही उतारावर इंजिन बंद करून सोडल्याचं तपासात पुढं आलं होतं. आणि हे सगळं डिझेल वाचवायला! आत्ताच्या इंजिनला गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की डिझेल जायचंच थांबतं, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला थोडं जळतंच. हे कळल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण डिझेल ॲव्हरेजवर मोजून द्यायचं आणि कमी पडलं तर पगारातनं कापायचं ही पद्धत मालकांनी लावलेली आहे, उतारावर न्यूट्रल टाकायला ड्रायव्हरला तीच शिकवते, आणि ती रोज शिकवते. मी दोनच दिवस शिकवतो.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर. बोलत बोलत गाडी चालवायची. दिसतंय ते मोठ्यानं म्हणायचं आणि आपण काय करणार ते पण. "पुढं उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर न्हाई, डावीकडं पंप हाय, कोणतरी बाहेर येणार, पाय ब्रेकवर नेला." पहिली दहा मिनिटं चांगले चांगले गप्प होतात, कारण बहुतेकांची नजर पुढच्या गाडीच्या बंपरवर संपलेली असते. मामा पहिल्या दिवशी हाताची घडी घालून मागं बसले होते, माझं लायसन तुमच्या पोराच्या वयाचं असंल म्हणाले होते. पण किणी टोलच्या अलीकडं सहापदरीच्या कामामुळं जे वळवलेले रस्ते आहेत तिथं मामांनी जे बोलून दाखवलं ते ऐकून मागच्या सीटवरची पोरं गप्प झाली. डंपर कुठनं उलटा येईल, चिखल कुठवर आलाय, पुढच्या ट्रॅव्हल्सवाल्याचा ब्रेक लाइट लागत नाही. असा ड्रायव्हर मी फार कमी बघितलाय.

शेवटचे दोन तास मात्र गाडी नसते, गोल बसून बोलायचं. कंपनीवाल्यांना हे सगळ्यात फालतू वाटतं, चहा-बिस्किटाचा कार्यक्रम म्हणतात. माझ्या मते तोच खरा कोर्स आहे. स्वीडनच्या सरकारी टेलिफोन कंपनीत ड्रायव्हर लोकांचे गट पाडून तुलना केली होती, एका गटाला ट्रेनिंग, एकाला बोनस, एकाला जाहिरातबाजी आणि एका गटाला नुसतं एकत्र बसून आपले धोके काय, आपण काय बदलणार यावर चर्चा. १९९६ ला निकाल छापून आला, अपघाताचा धोका सगळ्यात जास्त कमी झाला तो चर्चेवाल्यांचा. त्याच गोल बसण्यात मामांनी झोपेचा विषय काढला होता. मावा चघळायचा, खिडकी खाली करायची, मोठ्यानं गाणी लावायची, तंबाखूचं बोट डोळ्याला लावायचं, हे सगळं लोक करतात आणि ह्यातलं काहीही झोप थांबवत नाही. साठच्या स्पीडला तीन सेकंद डोळा मिटला की गाडी पन्नास मीटर आंधळी जाते. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं, डोळा दुसऱ्यांदा जड झाला की जागा बघून थांबायचं. ठरवलं ड्रायव्हर लोकांनी, मी नुसता फळ्यावर लिहिणारा.

तर मीटिंग. प्लँटचे मोठे साहेब, डिस्पॅचचे साहेब, एचआरच्या मॅडम आणि मी. जीपीएसचा तक्ता स्क्रीनवर. मामांची गाडी उंब्रजला चाळीस मिनिटं उभी, तिथं लाल गोल केलेला. डिस्पॅचचे साहेब म्हणाले, हे बघा, अनऑथराईज्ड हॉल्ट. मी म्हणलं, तक्ता उंब्रजपासनं का सुरू होतोय, गेटपासनं दाखवा. ते म्हणाले गेटचं रजिस्टर वेगळं असतं. मग मागवा म्हणलं. सिक्युरिटीचा रजिस्टर आणि वजनकाट्याची पावती यायला अर्धा तास गेला, तोवर मॅडमनी मला विचारून घेतलं की पुढच्या बॅचला हेल्मेट आणि जॅकेट घालून ग्रुप फोटो मिळेल का.

रजिस्टर आलं. मामा गेटच्या आत दुपारी साडेतीनला. गाडी आठला निघायची होती, वजनकाटा होऊन बाहेर पडली अकरा पाचला. माल फाउंड्रीतनं, म्हणजे ओतकामाच्या विभागातनं, उशिरा आला, मग फेटलिंगला, म्हणजे घासून साफ करायला, अडकला, मग मालाच्या वाहतुकीचं ई-वे बिल करणारा जेवायला गेला. साडेतीन ते अकरा मामा आवारातच, ताडपत्री आणि माल बांधायचं लॅशिंग स्वतः बघत, भरायचा नंबर जाईल म्हणून केबिनमध्ये पाठ पण टेकली नाही. आणि पहाटे पाचला उठलेले, कारण घरी दोन म्हशी आहेत, डेअरीला दूध घालूनच ते कामाला येतात. म्हणजे उंब्रजला पोचेपर्यंत हा माणूस वीस तासाच्या वर जागा होता.

मी फळ्यावर मांडलं. अकरा पाच ते आठ दहा, नऊ तास पाच मिनिटं, त्यात झोप धरून. गाडी आठला सुटली असती तर हाच ड्रायव्हर, हीच झोप घेऊन, पहाटे पाच पाचला चाकणात उभा असता. आणि अजिबात झोपला नसता तरी साडेसातच होतात, स्लॉट चुकलाच असता. उशीर आवारात झाला आणि डेबिट नोट मामांच्या नावावर लागली. पुढं खंबाटकीचा बोगदा सुटल्यावरचं एस वळण आहे, तिथं झोपेत गाडी गेली असती तर काय झालं असतं ते मी बोललो नाही, मोठ्या साहेबांना तो रस्ता माहीत आहे. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यात सरळ लिहिलेलं होतं, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासानंतर निदान अर्धा तास विश्रांती. मामांनी घेतली ती चाळीस मिनिटं चैन नव्हती, हक्काची होती.

डिस्पॅचचे साहेब म्हणाले लोडिंग माझ्या हातात नाही. ते पण खोटं नाही. त्यांना फाउंड्रीवाले दाबतात, फाउंड्रीला साच्याचे पॅटर्नवाले, चाकणवाला सगळ्यांना. पण ह्या सगळ्या साखळीत ज्याच्या हातात काहीच नाही त्या एकट्या माणसाचा भत्ता गेला, आणि त्याच्या डोळ्यावर पंधरा-सोळा टन लोखंड.

मोठे साहेब शेवटी म्हणाले, "मग एका वाक्यात सांगा, कोर्सचे पैसे वसूल झाले का नाही?"

२००३ साली कॉक्रेनवाल्यांनी, म्हणजे जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेनं, २४ चाचण्या तपासल्या होत्या, लायसन असलेल्यांना परत ट्रेनिंग दिल्यानं अपघात कमी होतात असा पुरावा त्यांना मिळाला नव्हता. हा धंदा करणाऱ्यानं हे सांगू नये असं माझे ह्याच लाइनमधले मित्र म्हणतात, मी सांगतो. मोठ्या साहेबांना पण सांगितलं. आणि म्हणलं, तुमचे पैसे त्या रात्री उंब्रजला वसूल झालेत, कारण थांबायचं कुठं आणि कधी हे ठरवणारा ड्रायव्हर तुम्हाला मिळाला, पण त्याला शिक्षा देऊन तुम्ही बाकीच्या सगळ्यांना उलटा कोर्स फुकटात दिलाय. आता आवारातल्या प्रत्येक ड्रायव्हरला कळलंय की थांबलं की भत्ता जातो. पुढची बॅच मी कितीही चांगली घेतली तरी ते धुऊन निघणार नाही.

खाजगी गाडीवाले पण मला हेच विचारतात, कोल्हापुरातल्या राजारामपुरीतले, ताराबाई पार्कातले, पोराला अठराव्या वर्षी मोठी एसयूव्ही घेऊन दिलेली असते आणि कोर्सला घालू का म्हणतात. त्यांना मी सांगतो, कसरतीला पैसे देऊ नका. तुमच्याच गाडीत, तुमच्याच रोजच्या रस्त्यावर कोणीतरी जाणता शेजारी बसवा, जुलैत आंबा घाटात धुकं असताना बसवा. मोकळ्या मैदानात एकदा पूर्ण जोरात ब्रेक मारून बघा, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं आणि बहुतेक लोक घाबरून पाय उचलतात, तिथं पाय दाबूनच ठेवायचा आणि स्टेअरिंगनं वाट काढायची, हे एकदा अनुभवलं की जन्मभर राहतं. त्याला पैसे द्या. आणि मग पोराला रात्री दोन वाजता "कुठंयस, लवकर ये" म्हणून फोन करू नका.

कंपनीला मी नवीन कोटेशन पाठवलंय. रेट तोच ठेवलाय. अट एवढीच की गोल बसायच्या दोन तासाला डिस्पॅचचे साहेब आणि लोडिंगचा सुपरवायझर दोघं पाहिजेत, गेटमधली आत-बाहेरची वेळ जीपीएसच्या तक्त्यात धरायची, आणि मामांना लाइनवर घेतल्याशिवाय बॅच सुरू होणार नाही. घरात सगळ्यांचं म्हणणं, गिऱ्हाईकाला अटी घालतात का. काल परत मामांचा फोन होता, एवढंच विचारत होते, "सर, लाइन परत मिळाली तर थांबायचं का न्हाई, तेवढं सांगा." थांबायचं म्हणलं. "आणि भत्ता?" म्हणाले. त्याचं बघतो म्हणलंय. कोटेशनला अजून उत्तर नाही, सोमवारी मोठ्या साहेबांना भेटायला जाणार आहे, रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन.