हत्तीघराची जमीन

शहरातल्या प्राणिसंग्रहालयात नवे दालन उघडले की त्याची छायाचित्रे सर्वत्र झळकतात: काचेपलीकडे बसलेला वाघ, कृत्रिम धबधबा, सिमेंटचे पण हुबेहूब वाटणारे खडक. या छायाचित्रांत जमीन क्वचितच दिसते, कारण ती पाहायला कोणी आलेले नसते. हत्तींच्या संगोपनावर जो वाद गेली काही दशके जगभर चालू आहे, तो मात्र जमिनीपासूनच सुरू व्हायला हवा, असे माझे मत होत गेले आहे. हत्तीला किती जागा दिली, याच्या आधी त्याला कशावर उभे केले, हे विचारले पाहिजे. आणि त्याच्या लगेच नंतर, कोणाबरोबर उभे केले, हे.

प्राण्यांच्या दालनांचा इतिहास मुख्यतः पाहणाऱ्याच्या नजरेचा इतिहास आहे. कार्ल हागेनबेक या जर्मन प्राणिव्यापाऱ्याने १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ श्टेलिंगेन येथे लोखंडी गजांऐवजी खंदक वापरून प्राणी मोकळ्यावर असल्याचा आभास निर्माण केला, आणि पुढे जगभर त्याचे अनुकरण झाले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिॲटलच्या वुडलँड पार्क प्राणिसंग्रहालयाने गोरिलांसाठी दाट झाडोऱ्याचे दालन उभारले. तिथे प्रेक्षकालाही त्याच जंगलात शिरल्यासारखे वाटावे, अशी मांडणी होती. दोन्ही बदल मोठे होते आणि अनेक प्राण्यांना त्यांचा फायदाही झाला. हत्तीला तो बेताचाच झाला. खंदकाने त्याच्या वाट्याची जागा खाल्ली आणि त्यात पडून हत्ती जायबंदी झाल्याच्या, दगावल्याच्या घटनाही घडल्या. झाडे लावावीत, तर हत्ती ती सोलून, मोडून, उपटून टाकतो. म्हणून झाडांना विजेच्या तारांचे कुंपण घालावे लागते आणि प्रेक्षकाला दिसणारे जंगल हत्तीपुरते केवळ देखावा ठरते.

आता पायाकडे येऊ. हत्तीच्या पायाची हाडे पाहिली, तर तो जवळजवळ बोटांवर उभा असल्याचे लक्षात येते. टाचेच्या जागी चरबी आणि तंतूंची जाड गादी असते, जी वजन पडले की पसरते आणि पाय उचलला की आकसते. रानात हा प्राणी दिवसाचे सोळा-अठरा तास चरत, चालत राहतो. माती, वाळू, चिखल, खडे यांवर तळवा आणि नखे आपोआप झिजतात. सिमेंटच्या ओलसर फरशीवर, तीन टन वजन तेच तेच चार बिंदू दाबत असताना, नखांना चिरा जातात, तळव्याला भेगा पडतात, त्यांत मूत्र आणि शेण शिरते आणि संसर्ग हाडापर्यंत पोहोचू शकतो. त्याला सांधेदुखीची जोड मिळाली की हत्ती आडवा व्हायचे टाळू लागतो, कारण पुन्हा उठता येईल याची त्याला खात्री नसते. बंदिस्त हत्तींना दयामरण द्यावे लागण्याच्या प्रमुख कारणांत पायांचे विकार येतात, हे पशुवैद्यकांत फार पूर्वीपासून मान्य आहे.

या पायाची रोजची निगा हे आजच्या प्राणिसंग्रहालयातले पाहण्यासारखे काम आहे. पूर्वी माहूत अंकुश घेऊन थेट हत्तीशेजारी उभा राहत असे. आता अनेक ठिकाणी दोघांमध्ये भक्कम जाळीची भिंत असते आणि त्या भिंतीला पायाच्या उंचीवर एक खिडकी असते. शिट्टी वाजते, हत्तीण पाय उचलून खिडकीतून बाहेरच्या टेकूवर ठेवते, रक्षक कानस घेऊन नखाची कड घासतो, तळव्यातला मेलेला थर चाकूने तासतो, भेगेत अडकलेला खडा काढतो आणि दर थोड्या वेळाने तिच्या सोंडेत गाजराचा तुकडा देतो. नको वाटले तर ती पाय काढून घेऊन निघून जाऊ शकते, आणि कधी कधी जातेही. अंकुशाच्या धाकाने उभे राहणे आणि गाजराच्या आशेने उभे राहणे, यांत हत्तीच्या दृष्टीने मोठाच फरक असला पाहिजे. पण इतकी काळजी रोज घ्यावी लागते, याचाच अर्थ पायाखाली काहीतरी चुकले आहे, हेही खरे आहे.

जागा वाढवली की सगळे सुटते, असे मानणाऱ्यांना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांच्या मोठ्या अभ्यासाने थोडे थांबायला लावले. एकाच जागी डोलत राहणे किंवा ठरलेल्या रेषेत पुढे-मागे जाणे, या निरर्थक पुनरावृत्तीचा सर्वांत ठळक संबंध संगतीशी आढळला: ज्यांना एकटे ठेवले जात होते, ज्यांची एका संग्रहालयातून दुसऱ्यात रवानगी झाली होती, त्यांच्यात ती अधिक होती; ज्यांच्या आसपास पिल्ले होती, त्यांच्यात कमी. पायांच्या तक्रारींमागे मात्र कठीण जमिनीवर घालवलेला वेळ हे महत्त्वाचे कारण निघाले. प्रेक्षक त्या डोलण्याला नाच समजून टाळ्या वाजवतात, आणि तेव्हा मला तेथून दूर जावेसे वाटते.

संगतीच्या अभावाचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातला शंकर हा आफ्रिकी हत्ती १९९८ मध्ये झिम्बाब्वेकडून भारताला भेट म्हणून आला होता. त्याची जोडीदारीण काही वर्षांतच मरण पावली आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ तो आपल्या जातीच्या दुसऱ्या हत्तीविना राहिला. २०२४ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने त्याच्या स्थितीवरून दिल्लीचे सदस्यत्व स्थगित केले. सप्टेंबर २०२५ मध्ये तो मेला. दोन देशांच्या मैत्रीची खूण म्हणून पिल्लू धाडताना त्याच्या पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा विचार कोणी केला असेल, असे वाटत नाही.

काही शहरांनी मात्र हिशेब मांडला आणि हत्ती ठेवणे थांबवले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने २००१ मध्ये एका रक्षकाच्या मृत्यूनंतर आपले हत्ती व्हिप्सनेडच्या विस्तीर्ण आवारात हलवले. साठच्या दशकात त्यांच्यासाठी बांधलेली, हत्तीच्या कातडीची आठवण करून देणाऱ्या खरबरीत काँक्रीटची वारसा इमारत मग दुसऱ्या, लहान प्राण्यांच्या वाट्याला आली. डेट्रॉईटने २००५ मध्ये वांडा आणि विंकी या वृद्ध हत्तिणींना कॅलिफोर्नियातील अभयारण्यात पाठवले. डेट्रॉईटच्या हिवाळ्यात त्यांना बराच काळ आत कोंडावे लागत होते आणि त्यांचे सांधे त्याला साथ देत नव्हते. हा निर्णय संग्रहालयाच्या संचालकांनी आपणहून घेतला. टोरंटोत तो नगर परिषदेने घेतला, तज्ज्ञांना डावलल्याच्या कारणावरून प्राणिसंग्रहालयाची मान्यता गेली, आणि शेवटी २०१३ मध्ये तीन हत्तिणी ट्रकने खंड ओलांडून कॅलिफोर्नियात पोहोचल्या. दालनांच्या रचनेत क्रांती घडवणाऱ्या सिॲटलनेही २०१५ मध्ये आपल्या उरलेल्या दोन हत्तिणी ओक्लाहोमाला धाडल्या, आणि त्यांपैकी चाई वर्षभराच्या आतच मरण पावली. स्थलांतर म्हणजे सुटका, असे सरसकट म्हणता येत नाही, ते अशा प्रसंगांमुळे.

दुसरी बाजूही कच्ची नाही. हत्तींच्या पिल्लांना मारणाऱ्या हर्पीस विषाणूवरची पहिली एमआरएनए लस २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या हत्तिणीला टोचण्यात आली. नियमित रक्त देण्याची सवय असलेल्या हत्तींविना हे काम कुठे झाले असते? डब्लिनने २००७ मध्ये नवे हत्तीघर बांधताना आतल्या जमिनीवर खोल वाळू घातली आणि सुटे हत्ती गोळा करण्याऐवजी नात्यातल्या हत्तिणींचा कळप ठेवला. तिथे पुढे पिल्ले जन्मत राहिली. वाळूच्या ढिगावर हत्ती टेकून झोपतो आणि उठताना त्याला उतार मिळतो, एवढी साधी गोष्ट कळायला प्राणिसंग्रहालयांना शतकाहून अधिक काळ लागला. मात्र, २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासाचे आकडे या यशामुळे पुसले जात नाहीत: युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आफ्रिकी हत्तिणींचे मध्यक आयुष्य १६.९ वर्षे होते, तर केनियाच्या अंबोसेलीत, माणसाने मारलेल्या हत्तिणी वगळल्यास, ५६. शिकार वगैरे धरूनही तिथला आकडा ३५.९ होता. त्यानंतर संगोपन सुधारले आहे, असा प्राणिसंग्रहालयांचा प्रतिवाद असतो आणि त्यात तथ्य आहे. पण आशियाई हत्तींच्या बाबतीतही म्यानमारमधले ओंडके ओढणारे हत्ती अधिक जगले, हे वाचून कोणत्याही संचालकाची झोप उडावी.

न्यायालयांनी यात फार मदत केलेली नाही. आरशात स्वतःला ओळखणारी म्हणून प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या हॅपी हत्तिणीला मुक्त करावे, हा अर्ज न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २०२२ मध्ये पाच विरुद्ध दोन मतांनी फेटाळला. इस्लामाबादच्या उच्च न्यायालयाने २०२० मध्ये वेगळे धोरण घेतले आणि जोडीदारीण गेल्यावर आठ वर्षे एकट्या राहिलेल्या कावन या हत्तीला कंबोडियाला पाठवले. पहिल्या खटल्यात हत्तीला कायद्याने व्यक्ती मानावे का, असा प्रश्न होता, आणि दुसऱ्यात या हत्तीचे हाल थांबवायचे कसे, असा. मला दुसरा प्रश्न अधिक कामाचा वाटतो.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतले हत्ती जंगलालगतच्या छावण्यांत हलवण्याचे निर्देश दिले होते; तरीही काही ठिकाणी हत्ती राहिले. माझे मत असे, की ज्या शहरी प्राणिसंग्रहालयाला नात्यातला कळप, मऊ जमीन आणि मदावर आलेल्या नरासाठी वेगळे आवार देता येत नाही, त्याने नवा हत्ती आणू नये आणि असलेल्यांची वीणही करू नये. खरा पेच त्यानंतरचा आहे, कारण हत्ती ठेवणे थांबवायचे ठरले की दोन वृद्ध हत्तिणी उरतात, त्यांतली एक आधी जाते आणि दुसरी एकटी पडते. त्या दिवशी समिती नेमून उपयोग नसतो. दोघीही चालू शकतात, ट्रकमध्ये चढायचा सराव करू शकतात, तेव्हाच दुसरीला कुठे, कोणाबरोबर पाठवायचे, खर्च कोण करणार आणि प्रवासाला ती अयोग्य ठरली तर काय, हे लेखी ठरलेले हवे. नव्या दालनाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी लोकांसमोर मांडला जातो, तेव्हा काचेच्या उंचीआधी हा कागद मागायला हवा.