कंडेन्सरची गळती

पंचवटीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने वडिलांचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा रेडिओ माझ्याकडे दुरुस्तीला आणला, तेव्हा तक्रार अगदी नेमकी सांगितली. "दादा, लावला की छान लागतो, पण थोड्या वेळाने आवाज फाटायला लागतो आणि मागून तापल्याचा वास येतो. व्हॉल्व्हच गेला असेल ना?" आवाज फाटण्यापेक्षा मला त्या वासाची काळजी वाटली.

वाड्याच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडून राहिलेला संच मी एकदम मेन्सवर लावत नाही. आधी तो १०० वॅटच्या बल्बसोबत सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून होऊनच संचात जाईल असा जोडला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे शॉर्ट नव्हता. फिल्टरचे, म्हणजे पुरवठ्यातले चढउतार सपाट करणारे कंडेन्सरही हळूहळू व्होल्टेज चढवल्यावर सावरले. मग पूर्ण पुरवठा देऊन शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ईएल८४ व्हॉल्व्हवर मीटर लावला. १३५ ओहमच्या रेझिस्टरवर त्याच्या कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाला) ७.३ व्होल्टच्या आसपास अपेक्षित असतात; सुरुवातीला तेवढेच होते, पण संच तापत गेला तसा आकडा चढत जवळपास १० वर पोचला. म्हणजे ७० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह! या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडची (ते इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या पट्टीची) सहनशक्ती १२ वॅटची. हे असेच चालले असते, तर व्हॉल्व्हबरोबर त्याला स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळाला असता, आणि त्या मापाचा ट्रान्सफॉर्मर आज मिळवणे फार कठीण आहे.

कंट्रोल ग्रिडवर, म्हणजे कॅथोड-अ‍ॅनोडमधला प्रवाह आवरणाऱ्या जाळीवर शून्य व्होल्ट हवे होते, तिथे अधिक ५ व्होल्ट दिसले. याची कारणे दोन असू शकतात : व्हॉल्व्हच्या आत वायू शिरून ग्रिडमधूनच प्रवाह सुरू झालेला असतो, किंवा आधीच्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅनोडवरचे व्होल्टेज मधल्या कपलिंग कंडेन्सरमधून झिरपते; या कंडेन्सरने आवाजाचा संकेत पुढे सोडायचा आणि ते स्थिर व्होल्टेज अडवायचे असते. निवाडा सोपा आहे. पुरवठा बंद केला, फिल्टरचे कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामे केले, कपलिंग कंडेन्सरचा ग्रिडकडचा पाय सोडवला आणि पुन्हा तापू दिले. ग्रिड शून्यावर आले आणि शून्यावरच राहिले. व्हॉल्व्ह निर्दोष होता. गळत होता तो ०.०१ मायक्रोफॅरडचा मेणकागदी कंडेन्सर. काढून मीटरच्या ओहम रेंजवर धरला असता, तर तो चांगलाच दिसला असता, कारण मीटर मोजमापासाठी अगदी थोडे व्होल्टेज देतो आणि ही गळती शंभरएक व्होल्टच्या दाबाखालीच उघडी पडते. म्हणूनच अशा संचातले मेणकागदी कंडेन्सर मी मोजत बसत नाही, सरसकट बदलतो.

नवा पिवळा कंडेन्सर तसाच डाख देऊन मोकळे होता आले असते. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही वावगे नाही, पण मूळ मांडणी डोळ्यांना दिसत राहावी, असे मला मनापासून वाटते. म्हणून जुन्या नळीला गरम हवा दिली, मेण मऊ होताच आतली कागद-पत्र्याची गुंडाळी चिमट्याने ओढून काढली, ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर आत सरकवला आणि तेच मेण वितळवून दोन्ही तोंडे बंद केली. बाकीच्या नळ्यांचेही तसेच केले.

नंतर तासभर संच चालू ठेवला. कॅथोड ७.४ व्होल्टवर स्थिर राहिला, वास आला नाही आणि मुंबई आकाशवाणीचे ५५८ किलोहर्ट्झवरचे केंद्र स्वच्छ लागले. न्यायला आल्यावर बाईंना मीटरवरचा आकडा दाखवला आणि संच कोणी जवळ असतानाच लावायचा, उठताना भिंतीवरचे बटण बंद करायचे, असे बजावून सांगितले.