फ्लॅट नंबर सांगा, मगच आत सोडतो

नवी मुंबईतली आधुनिक वास्तुकला बघायला निघणार असाल, तर ओळखीतल्या कुणाचा तरी फ्लॅट नंबर खिशात ठेवा. बाकी काही अवघड नाही. वाशी स्टेशनवरची इमारत, बेलापूरचं घुमटाचं महापालिका मुख्यालय, सगळं रस्त्यावरूनही मनसोक्त बघता येतं. मी अडकले ती खारघरच्या बाजूला, एका नव्या टॉवरवाल्या कॉम्प्लेक्सच्या गेटवर.

मला तिथलं पोडियम बघायचं होतं. खाली पार्किंगचे मजले, वर बाग. त्या बागेत ऊन किती वेळ टिकतं, वारा कुठून येतो, म्हातारी माणसं तिथे बसतात का, हे बाहेरून कसं कळणार? गेटवरचे काका बोलायला चांगले होते. "कुठल्या फ्लॅटमध्ये?" मी म्हटलं, कुणाकडे नाही, इमारतच बघायची आहे. त्यांनी रजिस्टर माझ्याकडे वळवलं. नाव, मोबाईल, गाडी नंबर, फ्लॅट नंबर. शेवटचा रकाना भरल्याशिवाय एंट्री होत नाही, म्हणाले.

सोसायटीच्या ऑफिसात मॅनेजरनी अर्ज मागितला, तो दिला. मग आधारची झेरॉक्स. मग "कमिटीपुढे ठेवावं लागेल". मग सेक्रेटरी गावाला गेलेले. फोन केला की "मॅडम, सही राहिलीय". लोकांची घरं आहेत, सुरक्षा हवीच, हे मला मान्य आहे. पण सरळ नाही म्हणायलाही कुणी तयार नव्हतं, याचा संताप अजून गेलेला नाही. नाही म्हटलं असतं तर मी दुसरीकडे विचारलं असतं.

सही शेवटी रविवारी सकाळी मिळाली, कमिटीची माणसं स्वतः ऑफिसात बसलेली असताना. म्हणून अर्ज रविवारीच न्या आणि थेट त्यांच्याच हातात द्या. मोठा कॅमेरा घरी ठेवा, तो दिसला की प्रश्न वाढतात.

पोडियमवर झाडं बहुतेक कुंड्यांतली, चाफा आणि पाम. अर्ध्या बागेवर टॉवरची सावली होती आणि सगळी मुलं उरलेल्या अर्ध्या भागात दाटीवाटीने खेळत होती. नकाशात हे दिसलं नसतं. एवढ्यासाठी केलेला पाठपुरावा मला सार्थ वाटतो.

सहीची वाट बघत होते तेव्हा बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज बघून आले. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी १९८०च्या दशकात केलेली ही वसाहत. सात-सात घरं, मध्ये साधारण आठ बाय आठ मीटरचं अंगण, आणि असे तीन गट एका मोठ्या अंगणाभोवती. दोन घरांत सामाईक भिंत नाही, म्हणजे शेजाऱ्याला धक्का न लावता ज्याला त्याला आपलं घर वाढवता येईल. लोकांनी ते वाढवलंही. बऱ्याच जागी उतरत्या कौलांऐवजी आता स्लॅबचे मजले दिसतात. मला त्याचं वाईट वाटलं नाही, घर वाढावं म्हणूनच तर ही आखणी होती. गल्लीतून अंगणात गेले, तिथून पुढच्या अंगणात. कुणीही नंबर विचारला नाही. एका आजींनी मात्र "कुणाला शोधताय?" म्हणून हाक मारली आणि मी सांगितल्यावर जुनी कौलं शिल्लक असलेलं घर कुठल्या वळणावर आहे ते दाखवलं.

सीबीडी बेलापूर स्टेशनवरून रिक्षा मिळते, "आर्टिस्ट व्हिलेज, सेक्टर आठ" एवढं सांगितलं तरी पुरतं. सकाळी लवकर जा, आणि कुणाच्या ओट्याचा फोटो काढण्याआधी विचारा.